काकीचं शेत आणि गुलाबी रेनकोट

“किती रिलॅक्सिंग आहे ना हे!”

हे उद्गार काकीच्या भातखाचरातून आले. बोलणाऱ्या बाई गुलाबी रेनकोट घालून गुडघाभर चिखलात वाकून उभ्या होत्या. त्याच जागी, तशीच वाकलेली काकी मी लहानपणापासून पाहतेय. तिच्या तोंडून असं काही कधी ऐकलेलं नाही.

झालं असं की काकांनी कुडपण गावच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या आणि जाहिरातीत ‘भातलावणीचा आनंद घ्या’ असं टाकलं. आणि लोक आले! तिघं जण, मुंबईहून, नवेकोरे रेनकोट घेऊन, रजा टाकून, घाट चढून, दुसऱ्याचं शेत लावायला! मीही महाडहून तीन दिवस आरामालाच गेले होते. माझा आराम म्हणजे आडवं पडणं. पण काकांनी मला पाहुण्यांच्या दिमतीला दिलं. का, तर मी इंग्लिश मीडियमची, सगळं नीट बोलेन. (पाहुणे अस्खलित मराठी बोलत होते. आणि मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही, हे काकांच्या इतक्या वर्षांत लक्षात आलेलं नाही.)

“यांच्या घरी काय काम नाय का गो?” काकीने मला हळूच विचारलं.

ही त्यांची करमणूक आहे, असं मी सांगितलं. काकी विचारात पडली. तिची स्वतःची करमणूक म्हणजे दुपारी पाय पसरून तांदूळ निवडता निवडता शेजारच्या वाडीतल्या बातम्या ऐकणं. हात रिकामे ठेवून बसायला सांगितलं तर ती आजारी पडेल.

काम सोपं होतं. राबात, म्हणजे दाट रोपं वाढवलेल्या तुकड्यात उतरायचं, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या. अर्ध्या तासात राब रिकामा झाला. काकी या दमलेल्या आरामकऱ्यांसाठी भाकऱ्या थापायला घरी गेली. काका रेंज मिळते त्या वळणावर पुढच्या पाहुण्यांशी बोलायला गेले. राहिले मी. आणि हात शिवशिवणारे पाहुणे सरळ बांध ओलांडून खालच्या खाचरात उतरले!

ते खाचर काकीने दोन शेजारणींना घेऊन तीन दिवसांपूर्वी लावलं होतं.

“अरे, ही तर किती पटकन निघतायत!” टोपीवाले गृहस्थ खूश होऊन म्हणाले.

निघणारच! अजून मुळं धरली नव्हती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कष्ट काकीचे, मजा यांची, आणि वर उपटाउपटी! मी मनात एक खणखणीत वाक्य जुळवलं. ते फार कडक वाटलं म्हणून त्यात ‘प्लीज’ घातलं. मग माझाच राग आला म्हणून ‘प्लीज’ काढलं. तोवर अर्धं खाचर मोकळं झालं होतं. शेवटी बांधावर जाऊन मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुलाबी रेनकोटने हसून माझ्यापुढे मोबाइल धरला.

मी फोटो काढले. तीन आडवे, दोन उभे.

काकी आली, तिने पाहिलं. पाहुण्यांना ती एक शब्द बोलली नाही, गरम भाकरी मात्र वाढली. मला एवढंच म्हणाली, “तुला तोंड नाय का गो?”

संध्याकाळी मंडळी परत गेली. जाताना इतकी खूश होती की तिन्ही रेनकोट काकीला भेट म्हणून देऊन गेली, असं मला नंतर कळलं. फार नंतर.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन पडवीत आले, तर धुक्यात त्याच खाचरात तीन रेनकोट वाकलेले! गुलाबी सर्वांत पुढे! परत आले? उरलेलंही उपटायला? कप तिथेच टाकून मी अनवाणी धावत सुटले, बांधावर उभी राहिले आणि समोरच्या डोंगरावर ऐकू जाईल अशी ओरडले, “बाहेर निघा! खेळायचं मैदान वाटलं का हे? एका बाईची कंबर मोडलीय इथे!”

गुलाबी रेनकोट सावकाश सरळ झाला. आत काकी होती. बाकीच्या दोघी शेजारणी. कालची उपटलेली रोपं परत लावत होत्या.

एक शेजारीण हसता हसता बांधावरच बसली. काकीने मात्र हातातली रोपांची मूठ कमरेला टेकवून माझ्याकडे पाहिलं.

“हाय की गो तोंड,” ती म्हणाली. “मग काल कुठं ठेवलेलंस?”

माझा आवाज एव्हाना नेहमीच्या जागी परत गेला होता. तरी मी म्हणाले, “काल ते पाहुणे होते ना, काकी.”