मेल्या नव्हत्या, बसल्या होत्या

पेशींच्या चार डिशेस ब्लीचमध्ये ओतून, हात धुऊन, वर शीळ घालत पंडित जागेवर येऊन बसला, तेव्हा आपण काय दिवे लावलेत याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. पंडित हे नाव काकूंनी ठेवलेलं. प्रयोगशाळेत लागून त्याला तीनच महिने झाले होते, आणि एवढ्यात त्याला सगळंच येत होतं.

काकू तिथल्या पेशी सांभाळायच्या. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली, त्याला एकोणतीस वर्षं झाली. आता सूक्ष्मदर्शकात नुसतं डोकावून "ही उपाशी आहे", "हिला गर्दी झालीय" असं सांगायच्या. कर्करोगाच्या गाठीत सगळ्याच पेशी कर्करोगाच्या नसतात. गाठीला आधार देणाऱ्या, धागे विणणाऱ्या साध्यासुध्या पेशीही असतात. किरणांचा मारा झाला की कर्करोगाच्या पेशी गळतात, पण या आधारवाल्या मरत नाहीत, नुसत्या फुगून बसतात आणि काहीबाही पाझरत राहतात, असं काकू कित्येक वर्षं सांगत होत्या. कुणी मनावर घेतलं नाही. अखेर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी अशा आधारवाल्या पेशींच्या, किरण दिलेल्या सहा डिशेस त्यांच्या हवाली केल्या. गुरुवारी दाखवा, नाहीतर विषय बंद.

आणि काकू दोन दिवस लेकीकडे गेल्या तेवढ्यात पंडितने निकाल लावला: नऊ दिवसांत एक पेशी वाढली नाही, म्हणजे मेल्याच. मागच्या कप्प्यातल्या दोन डिशेस त्याला दिसल्या नाहीत, म्हणून वाचल्या.

सोमवारी काकूंनी पेशी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर उघडला.

"पंडित, बाकीच्या चार?"

"मेल्या होत्या काकू. टाकल्या."

"नाडी बघितलीस?"

"अहो, वाढतच नव्हत्या!"

"वाढत नाही म्हणून मेलं? मग तुझे काका रिटायर झाले त्याच दिवशी वारले म्हणायचे. खुर्चीवरून हललेले नाहीत!"

त्यांनी एका डिशमध्ये त्यालाच निळा रंग घालायला लावला. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. अर्धा तास शोधून पंडितला निळ्या सापडल्या तीन. बाकी शेकडो जणी अंग सैल सोडून ऐसपैस पसरलेल्या, ठणठणीत. पंडितचे कान लाल झाले.

"आता काय करायचं, काकू?"

"रंगातली आता बाद. एक डिश उरलीय आणि तीन दिवस. रडायचं ते शुक्रवारी."

त्या डिशमध्ये दोन दिवस पाझरलेलं पाणी त्यांनी बुधवारी काढलं. कर्करोगाच्या पेशींच्या थरावर, पेशी खरवडून काढत, बारीक मोकळी रेघ ओढली आणि ते पाणी घातलं. शेजारच्या तशाच रेघ ओढलेल्या थराला किरण न दिलेल्या आधारवाल्यांचं पाणी. गुरुवारी सकाळी शेजारची रेघ अजून बरीच मोकळी होती. काकूंची मात्र दोन्ही काठांच्या पेशी पुढे सरकून जवळजवळ बुजली होती. म्हणजे बसलेल्या बायका कर्करोगाला पुढे ढकलत होत्या.

मॅडमनी दोनदा बघितलं. "सहाची एक कशी झाली?"

"एक रंगात गेली," काकू म्हणाल्या, "चार शिकवणीत."

"कुणाच्या?"

"माझ्या," पंडित पुटपुटला.

मॅडमना हसू आवरेना. "एका डिशवर मी विश्वास ठेवणार नाही. पुन्हा करा. बारा घ्या."

काकू बाहेर येईपर्यंत गंभीर राहिल्या. मग पंडितच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा घसरला. "बारा रे, बारा! पण पेशींना रविवारची सुट्टी नसते. एकोणतीस वर्षं मी येतेय खाऊ घालायला. येता रविवार तुझा."

"माझा, काकू. शब्द दिला."

त्या रविवारी चुलतभावाचं लग्न निघालं. पुढच्या रविवारी डोळाच उघडला नाही. दोन्ही वेळा काकूच गेल्या.

"येत्या रविवारी नक्की," पंडित सांगतो.