वंदनाचे बूट मी काढले

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि मंडळातल्या ज्या बायका अजून आहेत त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. पण मध्येच ‘जाऊ दे गं, होतं असं’ म्हणणार असाल तर आत्ताच उठा. मला ते ऐकायचं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. आम्ही नाहूरला राहायचो. वसाहतीतल्या बायकांचं मंडळ होतं, मी त्याची सेक्रेटरी. पोलिओ झालेल्या मुलांच्या ऑपरेशनांसाठी निधी जमवायचा म्हणून शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. नाच, गाणी, आणि शेवटी एक मूल स्टेजवर येऊन चार ओळी बोलणार.

ते मूल म्हणजे आमच्याच वसाहतीतली वंदना. नऊ वर्षांची, पोलिओनं दोन्ही पाय लुळे पडलेले. तिची आई शांता एका दवाखान्यात नोकरीला होती. माणसं जालन्याकडची, बौद्ध. त्यांच्याकडे मी कधी चहा प्यायले नव्हते — निघालंच आहे तर हेही सांगून टाकते. शांतानं मुलीसाठी बूट करून घेतले होते, बाजूला लोखंडी पट्ट्या आणि मांडीपर्यंत चामड्याचे पट्टे असलेले. वर्षभर रोज संध्याकाळी ती पोरीला गॅलरीतून चालवायची. खट, खट, खट. मला त्या आवाजाचा राग यायचा. का? बाई कुणापुढे वाकत नव्हती, म्हणून असेल.

मीटिंगमध्ये मी म्हणाले, “बूट नकोत. सरकत येऊ दे तिला. लोकांना पाझर फुटला पाहिजे ना!”

“मग तुमची मुलगी सरकवा,” शांता म्हणाली. “माझी चालत येणार.”

बायका हसल्या. मीही हसले — आणि आतून पेटले. एवढ्याशा बोलण्यावरून? हो, एवढ्याशाच.

कार्यक्रम रविवारी दुपारी झाला. मी शांताला मुद्दाम दारावर तिकिटं फाडायला बसवलं. मुलं शेजारच्या वर्गात तयार होत होती. वंदना बाकावर बसून आपल्या ओळी पुटपुटत होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि गोड आवाजात म्हणाले, “वंदू, स्टेज लाकडाचं आहे. बूट फार वाजतील बघ. काढू या, मी तुला उचलून माइकपाशी नेते.”

तिनं विचारलं, “आईला चालेल?”

“आईनंच सांगितलंय,” मी म्हणाले.

एकेक पट्टा मी माझ्या हातानं सोडला. तिला उचलून पडद्यामागे नेलं — आणि तिथंच खाली ठेवलं.

“काकू, तुम्ही नेणार होतात ना?”

“जा. लोक थांबलेत.”

गेली ती. दोन्ही हातांवर, नवीन फ्रॉक मागे फरफटत. माइक उभ्या माणसाच्या उंचीचा होता. त्याच्या दांड्याला धरून, मान वर करून ती आपल्या ओळी बोलली. सगळ्या बोलली. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. पण हॉलमध्ये बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, प्रमुख पाहुणे उठून मोठा आकडा जाहीर करत होते, आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी खूश होते. बघ म्हटलं, शांता, कोण बरोबर होतं!

शांता दारावरून धावत आली. पडद्यामागे पोरीला उचलून घेतलं, आणि एकच विचारलं, “बूट कुणी काढले?”

खरं सांगायला किती वेळ लागतो?

“तिनंच काढले,” मी म्हणाले. “चावतात म्हणाली. मी नको नको म्हणत होते.”

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. शांतानं तिला थोबाडीत मारली, सगळ्यांसमोर. पोर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, घाबरली. बरंच झालं, वाटलं.

इथं थांबले असते तरी तुम्ही मला एका दुपारचीच नीच बाई म्हणाला असता. पण पंधरा-वीस दिवसांनी शांता माझ्या दारात आली. ही बाई कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. म्हणाली, “ती बूट घालायला तयार नाही. बूटवाला विचारतो, नेमकं कुठं चावतात. मला काही सांगत नाही. तुम्हाला बोलली होती ना?”

किती सोपं होतं तेव्हा. दारात आम्ही दोघीच होतो.

मी म्हणाले, “घोट्यापाशी म्हणाली बहुतेक.”

बूटवाल्यानं घोट्यापाशी बूट सैल केले. शांतानं ते तिला घालायला लावले; आधार सुटल्यानं पाऊल आत वळायला लागलं. कळेपर्यंत इतकं वळलं की बुटात बसेना. त्या निधीतून बऱ्याच मुलांची ऑपरेशनं झाली, ती मुलं चालली. शांतानं त्यातला पैसा घेतला नाही. पुढच्या वर्षी ते लोक वाकोल्याला निघून गेले. गॅलरीतला आवाज त्याच्या कितीतरी आधीच बंद झाला होता.

बारा-तेरा वर्षांनी वाकोल्यात मी फोन करायला एका एसटीडी बूथमध्ये शिरले. आत तीनचाकी खुर्चीवर वंदना. मी ओळखलं नसतं, तिनंच ओळखलं.

“काकू ना? नाहूरच्या?”

आई कशी आहे, मी विचारलं.

“गेली. दोन वर्षं झाली.” तिनं रजिस्टर बाजूला सारलं. “शेवटी शेवटी सारखं म्हणायची, वंदू, त्या दिवशी तू बूट काढायला नको होतेस. मी हो म्हणायचे.”

“तू तिला सांगितलं का नाहीस गं?”

“त्या दिवशी सांगितलं असतं, तर तिनं तुम्हाला स्टेजवर फाडून खाल्लं असतं. मग तिला पुन्हा वसाहतीत राहू दिलं असतं का तुम्ही लोकांनी? नऊ वर्षांची होते, पण तेवढं कळत होतं मला. नंतर बोलायचा कंटाळा आला.”

घाबरली नव्हती ती. इतकी वर्षं मी ‘घाबरली’ एवढंच धरून बसले होते.

मी फोन न करताच निघाले. तोंडातून सवयीनं निघून गेलं, “येते हं.”

“येऊ नका,” ती म्हणाली.

मी पुन्हा कधी गेले नाही.