डिकीतला चिरा

सदानंद गेल्याचं कळलं तेव्हा मी टायरच्या दुकानात उभा होतो. त्याच्या आणि माझ्या गाडीला एकाच जातीचे नवे टायर घ्यायचे होते. अट त्याचीच होती. दिवाळीनंतर आम्ही दोघं गाड्या घेऊन पुन्हा दक्षिणेतल्या त्या रेस ट्रॅकवर जाणार होतो आणि आमचा जन्माचा वाद एकदाचा मिटवणार होतो. फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." दुकानदार मागून विचारत होता, टायर कधी बसवायचे... त्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. मला रडू आलं नाही, संताप आला, हे मात्र पक्कं आठवतं. आता काही आठवडे उलटले, पण संताप आहे तिथेच आहे. माणूस गेल्यावर चार गोड शब्द लिहायचे असतात, तेवढंही हा मला धड करू देत नाही.

सदाचं रत्नागिरीच्या बंदरावर बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान, माझा मिरजोळ्याला बर्फाचा कारखाना. मच्छीमारांना दोन्ही लागतं, त्यामुळे आमची गाठ पडणारच होती. दोघांनाही वेगवान गाड्यांचं वेड निघालं आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. वेड एक, पण पंथ दोन. त्याची जुनी जर्मन सेडान, इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणारी. माझी लहानशी टर्बो हॅचबॅक, पुढच्या चाकांवर धावणारी. मागून ढकलणारी गाडी खरी की पुढून ओढणारी, एवढाच काय तो वाद, आणि त्यावर आम्ही अर्धं आयुष्य घालवलं. मी म्हणायचो, बैल गाडीच्या पुढे जुंपतात. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "मेल्या, बोट मागनं ढकलतात. पुढनं ओढलेली बोट बघितलीस कधी? आणि एकाच माणसानं वल्ही पण मारायची नि सुकाणू पण धरायचं, असं कुठं असतं काय?" पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही, यावर त्याचा हा टोमणा होता. यात तथ्य आहे हे मला कळत होतं, म्हणूनच तो जास्त झोंबायचा.

एका श्रावणात आम्ही दोन्ही गाड्या घेऊन आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो. ओल्या चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि माझी गाडी एका वळणावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. सदा वर जाऊन, चहा पिऊन माझी वाट बघत उभा. मला बघून नुसता हसला. उतरताना मात्र त्याने वळणावर जरा लवकर गॅस दिला, गाडीची शेपूट सुटली आणि मागचं चाक गटारात गेलं. मी दोर बांधून पुढून ओढली, गावातल्या चौघांनी मागून ढकलली आणि गाडी बाहेर आली. तर हा गृहस्थ रत्नागिरीपर्यंत सांगत आला की गाडी निघाली ती ढकलल्यामुळे. असल्या माणसाशी काय बोलायचं?

आता चिऱ्याची गोष्ट. आमच्याकडे पावसाळ्यात उभ्या गाडीचा हँडब्रेक कोणी ओढून ठेवत नाही. खारी दमट हवा, दोन दिवसांत ब्रेक आत चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. सदाच्या अंगणाला चांगला उतार, म्हणून त्याने जांभ्या दगडाचा अर्धा चिरा गोणपाटात गुंडाळून कायमचा डिकीत ठेवलेला. तो लावायचा मागच्याच चाकाला. पुढच्याला लावला तर त्याच्या मते गाडीचा अपमान.

वाद मिटवायला शेवटी आम्ही पहिल्यांदा त्या ट्रॅकवर गेलो. निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांतून जॅक, स्टेपनी, मागची सीट, सगळं काढून टाकलं, कारण ट्रॅकवर वजन म्हणजे वेळ. पक्षपात नको म्हणून दोघांनी दोन्ही गाड्या चालवायच्या असं ठरलं. पहिल्या काही फेऱ्या माझ्या गाडीने गाजवल्या. वळणात घुसायची, ओढून बाहेर पडायची, चुकलं तरी सांभाळून घ्यायची. मग ऊन चढलं, पुढचे टायर तापले आणि गाडी प्रत्येक वळणावर बाहेर बाहेर जायला लागली. त्याच्या गाडीत बसलो आणि, आज लिहायला हरकत नाही, मजा आली. वळणातून बाहेर पडताना गॅसवरच्या पायानेही गाडी वळवता येते, हे मला तिथे कळलं. तरी फेऱ्यांच्या वेळा लागल्या तेव्हा माझी गाडी पुढे होती. अगदी निसटती, पण पुढे. मी आयुष्यात एवढा खूश क्वचित झालो असेन.

तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, म्हणून गाडी उभी करून सदा सवयीने डिकीकडे गेला. फळी उचलली. स्टेपनीच्या रिकाम्या खड्ड्यात गोणपाटातला चिरा आरामात बसलेला. स्क्रू-पाने मोजून काढणाऱ्या आम्ही दोघांनी तो घरून इथवर आणला होता आणि दिवसभर ट्रॅकवर फिरवला होता. निघताना सदाने सवयीने तो चाकाखालून काढून परत डिकीत टाकला असणार. ट्रॅकवर गाड्या तपासणाऱ्यांनाही वरची मोकळी फळीच दिसली होती. सदा शांतपणे म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो. दगड घेऊन धावली माझी गाडी." मी म्हटलं, मागच्या चाकांवर वजन पडलं म्हणूनच तुझ्या गाडीला पकड मिळाली, दगड नसता तर आणखी मागे पडली असती. खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आंबा घाट उतरेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

पुन्हा जायचं, चिरा घरी ठेवून जायचं, हे त्याच रात्री ठरलं. पण सदाचं काम सगळं 'नंतर'चं. आंबा होऊ दे. मग पाऊस जाऊ दे. मग शिमगा होऊ दे, पालखी नाचवल्याशिवाय मी गाव सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना त्याच्या छातीत भरून आलं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, तेव्हाही हेच. मी भांडलो, वहिनी रडल्या. मी धमकी दिली की आधी इस्पितळ, नाहीतर ट्रॅक रद्द. तर म्हणाला, "गणपती होऊ देत रे. मग दोन्ही करू." गणपती झाले. दोन्हीतलं काहीच झालं नाही. इंजिनाचा बारीकसा आवाज बदलला तर गाडी उघडून बसणारा माणूस, स्वतःच्या छातीच्या बाबतीत इतका ढिला कसा राहिला? हे मी कोणाला विचारू?

कोणी म्हणतात, तुम्ही एकटे जा, दोन्ही गाड्या चालवा आणि लावा निकाल. मी चालवून निकाल लागेल कसा? माझी जिंकली तर मान्य न करायला तो नाही. त्याची जिंकली तर ते ऐकायला तो नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी त्याची गाडी मिरजोळ्यापर्यंत फिरवून आणतो. गेल्या रविवारी परत आलो, उतारावर गाडी गिअरमध्ये टाकली, चिरा काढला आणि मुद्दाम पुढच्या चाकाला लावला. रागच होता तो, दुसरं काही नाही. हात झटकतोय तोच वहिनी पडवीतून म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या चाकाला लावतात तो."

मी म्हटलं, कुठेही लावला तरी गाडी थांबते.

"नाही थांबत," वहिनी म्हणाल्या. पायऱ्या उतरून आल्या, वाकून तो जड चिरा दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाखाली नीट सरकवून ठेवला. गाड्यांमधलं त्यांना काही कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. मी तरी वाद घातला. उतार कुठला, वजन कुठे, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक शब्द मान्य केला नाही. चहा होईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.