रेडिओची खरखर

मुलानं मोबाइलवर रेडिओ लावून दिला. आवाज अगदी स्वच्छ, पण खरखर नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

नव्वदीतल्या एका कोरड्या वर्षी, माण तालुक्यात, मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी परमुलखात निघायला आमचं बिऱ्हाड घोडीवर लादलं होतं. कातडी कव्हरातला रेडिओ ऐन गाण्यात खरखरला. मी वैतागून बटण पिळायला गेले, तशी आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लांब कुठंतरी इजा चमकत्यात."

आभाळ तर कोरं होतं. खरखर पुन्हा आली, वाढली. आई वडिलांना म्हणाली, "आवं, थांबूया. पाऊस येतूय."

वडिलांनी रेडिओ कानाला लावला. गाणं बुडालं म्हणून मी रुसले. आई मात्र घोडीवरचं बिऱ्हाड उतरवायला लागली होती.