नत्थूदादाचा फिरकीचा तांब्या

माहा भाऊ नत्थूदादा मागच्या महिन्यात गेला. घरी लोक भेटाले येतात, मंग कोणीतरी दादाची एखादी गोष्ट काढते अन् सगळे हसाले लागतात. मले बरं वाटते. म्हणून म्हटलं आपण बी एक सांगून टाकू, जसं बोलतो तसंच. माही शाळा चौथीपर्यंत, तवा चुका काढत बसू नका.

दादा सिव्हिल लाईनच्या एका क्लबात बारमन होता. पांढरा कोट, गळ्यात काळा बो, मागं बाटल्याईची रांग. अन् आमी बौद्ध. छप्पन साली आईबाबासंगं दादानं बी दीक्षा घेतली, तवा मिसरूड फुटली होती त्याले. दारू पिणार नाई म्हणून हात जोडून बोलला अन् मरेपर्यंत पाळलं. एक थेंब नाई. आता तुमी म्हणसान, मंग बनवे कसा? न चाखता बनवे. अर्धं त्याले वासानं कळे, बाकीचं पिणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून. पहिल्या घोटाले साहेबाच्या भुवया वर गेल्या तं लिंबू जास्त. डोळे बारीक झाले तं साखर जास्त. अन् साहेब बोलता बोलता थांबून ग्लासाकडेच पाहाले लागला तं समजा जमलं. म्हणे, "कौसल्या, देवानं मले जीभ दिली थे बोलाले, चाखाले लोकाईची वापरतो."

मी म्हटलं, "देव कुठचा आणला गा आता?"

"बरं बाई, आईनं दिली."

साहेबाईच्या बंगल्यावर पार्टी असली का दादाले बोलावणं येच. तिथं क्लबासारखं सामान नसे. दादा सरळ सैपाकघरात जाऊन मेमसाहेबाले विचारे, घरी काय काय आहे? आलं, पुदिना, संत्री, बडीशेप, सकाळचा उरलेला कोरा चहा. त्यातूनच काढे. रममधी थंडा कोरा चहा टाकून वरून संत्र्याची साल पिळली का साहेब लोक म्हणत, हे काहीतरी विलायतचं हाय. बर्फाचा मोठा खडा टाकाचा, चुरा केला का नुसतं पाणी होते. पहिला ग्लास हल्काच द्याचा. अन् घरमालक स्वतः बाटलीपाशी आला का त्याले गोड बोलून पाहुण्याईकडे वापस धाडाचं, नाई तं पार्टीची वाट लागली म्हणून समजा.

त्याचा सगळ्यात गाजलेला ग्लास म्हंजे भिवापूर मेल. ग्लासाच्या काठाले लिंबू फिरवाचं, मीठ अन् भिवापूरच्या मिरचीचं तिखट एकत्र करून त्यात काठ बुडवाचा, आत संत्र्याचा रस, आल्याचा रस अन् जीन. मी विचारलं, "मेल काहून?" तं म्हणे, "कानातून धूर निघते अन् गाडी मधात थांबत नाई." अजून एक होता, लिंबाचा, लय आंबट. त्याचं नाव त्यानं 'सासू' ठेवलं होतं.

तं पंच्याहत्तर साल असन. मले कामठीचं स्थळ आलं. पोरगा मधुकर, मापात बोलणारा, मले पसंत होता. त्याईले बी मी पसंत होती. पण त्याईची आई जिजाबाई, तिच्या कानावर दादाचं काम गेलं. तिनं निरोप धाडला का पोरगी चांगली आहे, पण ज्या घरचा भाऊ सकाळी पंचशील म्हणून राहिला अन् संध्याकाळी दारू पाजून राहिला, त्या घरी आमी पाय ठेवाव का नाई, इचार करतो.

आई रडाले लागली. "सोडून दे गा नत्थू हे काम."

"सोडतो," दादा म्हणे.

मी म्हटलं, "काहून सोडाचं? आज काम सोड म्हणतात, उद्या भाऊ सोड म्हणतील."

 मंग दादा म्हणे, "त्याईले एकदा बोलवा. मी काय करतो थे टेबलावर मांडतो. पाहून मंग खुशाल नाई म्हणा, असं सांगा."

आले बाप्पा. जिजाबाई, मधुकर, अन् जिजाबाईचा भाऊ चंपतराव. हे मामा म्हंजे कामठीतले नावाजलेले. विहारात वंदनेले पहिल्या रांगेत, अन् दारूबंदीवर भाषण द्याले सगळ्यात पुढं.

इंदोरा वस्तीतलं आमचं घर दोन खोल्याईचं. दादानं टेबलावर पांढरी चादर टाकली, क्लबाचा कोट इस्त्री करून घातला. बर्फ भुशात गुंडाळून आणला. क्लबातला दारू हलवाचा डब्बा काही घरी आणता येत नव्हता, म्हणून आईचा प्रवासाचा फिरकीचा तांब्या घेतला. संत्री, आलं, साखरेचा पाक, काळं मीठ. भिवापूर मेलच, पण जीन नसलेला. तांब्याची फिरकी घट्ट लावून दादा खांद्यावर असा खळखळ हलवे का शेजारच्या पोट्ट्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

आई दादाच्या कानात म्हणे, "नाव विचारलं तं काही बाही सांगू नको."

पहिला ग्लास मामाईले. मामानं घोट घेतला. डोळ्यात पाणी आलं. काठाची मिरची अन् आल्याचा रस, दोन्ही घशात एकदमच उतरले. मामा दादाकडे पाहून हळूच हसले अन् एक डोळा मिचकावला. दादाले काही समजलं नाई. मामानं ग्लास खाली केला अन् दुसरा मागितला. दुसरा अर्धा झाला तं मामाचा आवाज वाढला. "नत्थू, तू माहा भाऊ आहेस. लहान भाऊ. नाई, मोठा." मंग उठून दादाले मिठी मारली, गाणं म्हणाले लागले, अन् बसाले गेले तं खाटेच्या पायाले अडखळून पोह्याच्या बशीवर हात पडला.

आईचा चेहरा पांढरा झाला. जिजाबाईनं आपला ग्लास न पिता तसाच खाली ठेवला.

"चल रे मधुकर."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मले वाटलं, झालं. गेलं कामठी.

दादा म्हणे, "मावशी, त्यात दारू नाई."

"माह्या भावाची दशा पाहून राहिलास ना?"

"पाहून राहिलो. मले बी समजून नाई राहिलं." दादानं कोट काढून खुंटीले टांगला अन् टेबलापासून बाजूले झाला. "तुमी बनवा, मावशी. सामान समोर आहे. मी हात लावत नाई."

जिजाबाईनं सगळं हुंगलं. रस, पाक, मीठ, बर्फाचं पाणी बी. मंग पदर खोचला, स्वतः संत्री पिळली, आलं ठेचून रस टाकला, तांब्याची फिरकी लावली अन् असा हलवला जसं कोण्या पोट्ट्याची मान पकडली. खिडकीतल्या पोट्ट्या तोंडावर हात ठेवून हसत. ग्लासात ओतलं, अर्धं स्वतः प्याली. तोंडावरची रेघ हलली नाई. भुवया जिथल्या तिथं. दादा तिच्याकडे पाहे अन् त्याले काहीच कळेना, घाम फुटला त्याले.

उरलेलं तिनं मामापुढं धरलं. "घे चंपत. हे मी बनवलं."

मामानं एका दमात संपवलं अन् ओठ पुसले. "बाई, तुहा तं याच्याहून कडक झाला."

 मंग जिजाबाई सावकाश म्हणे, "कडक कसं असते गा चंपत, तुले कुठून ठाऊक?"

मामाची सगळी उतरली. खाटेवर सरळ बसले. पाय बी सरळ, जीभ बी सरळ. म्हणे, "लोक सांगतात ना."

मधुकर पहिले हसले. मंग आई. मंग खिडकीतल्या पोट्ट्या.

जिजाबाई नाई हसली. दादाले म्हणे, "क्लबाचं तुहं तू पाहा, माह्या घरचंच मले पाहाले लय आहे. याचं नाव काय?"

आईनं डोळे मिटले.

"नाव ठेवलं नाई अजून," दादा म्हणे.

"लग्नात आमच्या वऱ्हाडाले हेच द्याचं. चहा नको."

झालं, जमलं. पण लग्न मे महिन्यात, अन् मे महिन्यात संत्री कुठची? दादानं कैरी उकडून गर काढला, पुदिना वाटला, काठाले तिखटमीठ तेच. सकाळपासून मंडपाच्या कोपऱ्यात उभा. कामठीची माणसं रांग सोडत ना. आमी पांढऱ्या कपड्यात वंदना म्हटली, हार घातले. फोटोवाला ओरडे, "नवरीचा भाऊ कुठं आहे?" तं तिकडून आवाज ये, "आलो, एवढा बर्फ फोडून आलो." आला नाई तो.

आता पुण्यानुमोदनाच्या वंदनेले दादाचा फोटो पाहिजे म्हणून आमी माह्या लग्नाचा अलबम काढला. जिजाबाई आहे, चंपतमामा आहे, आख्खी कामठी आहे. दादा कुठंच नाई. पण ज्याच्या त्याच्या हातात ग्लास आहे.