आईच्या वळलेल्या पापण्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. दूधवाला नेहमीपेक्षा लवकर आला तर मला बरं वाटत नाही, आज लवकर का आला हे वाटतं. सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात मी मुलांचे दाखले तपासते. तिथे हा स्वभाव उपयोगी पडतो, घरी पडत नाही. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस.

आई वाईला एकटीच राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. त्याला आता चार वर्षं होतील. महिन्यातून एकदोनदा मी शनिवारी सकाळी एसटी पकडते, साताऱ्याला गाडी बदलते आणि दुपारच्या जेवणाला वाईत पोचते. गेल्या उन्हाळ्यात अशीच पोचले. आईने दार उघडलं आणि मला वाटलं, हिला ताप आहे. डोळे मोठे दिसत होते, काहीतरी निराळंच तेज होतं त्यांत. हात लावून पाहिला तर अंग गार. मग नीट बघितलं तेव्हा कळलं की तिच्या पापण्या वर वळल्या होत्या.

आमच्याकडच्या बायकांच्या पापण्या जन्मतःच सरळसोट. पत्र्याच्या पागोळ्यांसारख्या खाली उतरलेल्या. प्रत्येक फोटोत आम्ही नुकत्याच झोपेतून उठल्यासारख्या दिसतो. आईच्या पापण्या बासष्टाव्या वर्षी आपल्या आपण वळतील, हे शक्य नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, रात्री झोप छान लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली. आई खोटं बोलत नाही, आणि बोललीच तर तिला ते जमत नाही.

ती भाकरी थापत होती तेवढ्यात मी तिची खोली तपासली. सांगायला लाज वाटते, पण तपासली. आरशापाशी चहाचा चमचा होता. चहाचा चमचा आरशापाशी कशाला? खणात रुमालांच्या खाली एरंडेलाची बाटली, धुऊन ठेवलेला मस्काऱ्याचा जुना ब्रश, आणि एक स्टीलचं हत्यार सापडलं. कात्रीसारखी दोन कडी होती, पण पातं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं काहीतरी. मी ते स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिलं आणि पापणीची कातडीच चिमटीत पकडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जेवताना आईने विचारलं तर मी मिरचीचं नाव सांगितलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मला भीती वाटत होती ती सांगूनच टाकते. आईच्या आयुष्यात कुणीतरी आलंय आणि सगळ्या वाईला कळल्यावर शेवटी ते मला कळणार. मी तिची एकुलती एक मुलगी. तिने मला सोडून कुणाला तरी जवळ केलंय, या विचारात मी ताटात भाकरीचे नुसते तुकडे करत बसले.

आईच्या घराखालीच एका मुलीचं पार्लर आहे. ती जवळच्याच खेड्यातून रोज स्कूटीवर येते. भुवया करून घेण्याच्या निमित्ताने मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि खोदून खोदून विचारलं. तिने बिचारीने भोळेपणाने सगळं सांगितलं. मावशी आधी घरीच चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून, त्याच्या कडेवर अंगठ्याने पापण्या दाबायच्या. त्याने बाक यायचा, पण तासाभरात उतरायचा. मग तिनेच मावशींना कर्लर, म्हणजे खणातलं ते हत्यार, आणून दिला. पापणी कोरडी हवी, कर्लर मुळापाशी धरायचा, कातडी सोडायची, दहा आकडे मोजायचे, मग मध्यावर एकदा हलकंच दाबायचं. मस्कारा त्यानंतर. आधी मस्कारा लावून वर कर्लर दाबला की केस तुटतात. एरंडेल लावायचंच तर रात्री पुसटसं, सकाळी स्वच्छ पुसून काढायचं. तेल राहिलं की बाक टिकत नाही.

एवढं सांगून, भुवईचा दोरा दातात धरून ती म्हणाली, "मावशी इचारत हुत्या, सांजपर्यंत टिकंल असं काय हाय का. मी म्हनलं, पान्यानं न जानारा मस्कारा घ्या, लय टिकतो."

सांजपर्यंत. म्हणजे संध्याकाळीच काहीतरी होतं.

पाच वाजता आई इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडली. कपाळ रिकामं, हातात एकेक बारीक बांगडी, वडील गेल्यापासून असते तशी. मी तोंडाला ओढणी गुंडाळून मागोमाग निघाले. तिने कोथिंबीर घेतली, नाकाशी धरून परत ठेवली, दुसरी जुडी घेतली. मग घाटावर गेली आणि पायऱ्यांवर बसली. तिथे दोघी बायका आधीच बसलेल्या होत्या, तिच्याच शाळेतल्या जुन्या शिक्षिका. तिघींनी शेंगा सोलून खाल्ल्या. मधे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ त्यांच्या दिशेने आले. मी ओढणी डोळ्यांपर्यंत वर ओढली. ते खाली वाकले, बुटाची नाडी बांधली आणि निघून गेले. दिवेलागणीला आई घरी परतली. दुसऱ्या कुणाला शरम वाटली असती. मी निष्कर्ष काढला की आज तो आला नाही.

रविवारी सकाळी मला राहवेना. आई चहा टाकत होती. मी तो कर्लर ओट्यावर ठेवला आणि विचारलं, कोण आहे? तिला आधी कळलंच नाही. मग मी भाषणच केलं. मी रागावणार नाही, काळ बदललाय, विधवांच्या प्रथा बंद करायचे ठराव आता खेडोपाडी होतायत, तू फक्त माझ्यापासून लपवू नकोस. पाढे म्हणणाऱ्या पोराचं ऐकावं तसं तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि गॅस बारीक केला.

"तुझ्या नणंदेच्या लग्नात मी अबोलीचा गजरा माळला होता," ती म्हणाली. "तू खोलीत आलीस आणि म्हणालीस, आई, काढ ना, सासरची माणसं आहेत. टिकली तर तूच काढलीस. तेव्हापासून मी बघत होते, मला काय काय चालतं ते. पापण्यांबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. कुणाच्या लक्षातच आलेलं नाही."

ते लग्न पलूसला होतं. मला सगळं आठवलं. तिची टिकली माझ्या अंगठ्याला चिकटली होती, ती मी कार्यालयातल्या आरशाच्या चौकटीला लावली आणि बाहेर पाहुण्यांना पेढे द्यायला गेले. चार बायका काही बोलायच्या आत मीच बोलले होते, आणि आईला लोकांच्या बोलण्यापासून वाचवलं असं समजून तो विषय विसरूनही गेले होते. मला स्वतःची अतिशय लाज वाटली. मी तिला मिठी मारून रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण ती रडली नाही.

दुपारी ती मला स्टँडवर सोडायला आली. तिचा चेहरा धुतलेला होता आणि पापण्या सरळ खाली उतरलेल्या होत्या. सातारा गाडी लागली होती. मी म्हणाले, आई, असं करू नकोस, पापण्या कर, टिकली लाव, गजरा माळ, कोण काय म्हणतं ते मी बघते.

"तू म्हणालीस म्हणून गजरा काढला," ती म्हणाली. "आता तू म्हणतेस म्हणून माळायचा का?"

कंडक्टरने घंटी मारली. मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर ती हात हलवत नव्हती, नुसती उभी होती.

त्यानंतर मी चारदा वाईला जाऊन आले. दार उघडलं की माझी नजर आधी तिच्या डोळ्यांकडे जाते, आणि ते तिला कळतं. पापण्या सरळ असतात. आम्ही भाज्यांबद्दल बोलतो, माझ्या ऑफिसबद्दल बोलतो. मी नसते तेव्हा त्या वळलेल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे. हा एक तरी खरा निघावा.