झाकणाशी म्हणायची ओळ

जेद्दाच्या आमच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी दुपारी धूप शिजतो. गुळाचा पाक, लोबान, चंदनाचा भुसा, आणि आणखी दोन जिन्नस, जे मी सांगणार नाही, विचारूही नका. घड्याळ आम्ही लावत नाही. पाक किती वेळ ठेवायचा याचं माप म्हणजे एक गाणं. सात ओळी, प्रत्येक दोनदा. शब्द कुठल्या भाषेतले ते कुणालाच ठाऊक नाही. आफ्रिकेतून आमच्या माणसांना रायगडच्या किनाऱ्यावर आणलं, तेव्हा त्यांच्या तोंडी आले, एवढंच. आठवी ओळ मात्र घरातली सर्वांत थोरली बाई म्हणते. झाकण किलकिलं करून, भांड्यावर वाकून, तोंडातल्या तोंडात. बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. थोरलीनं जाण्याआधी ती ओळ पुढच्या बाईला द्यायची. फोनवर नाही, कागदावर नाही. कानात.

आम्ही सिद्दी. मी इथल्या दवाखान्यात नर्स, धाकटी बहीण धूप विकते. अरब आमच्याशी धडाधड अरबी बोलतात आणि आपले लोक इंग्रजी. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवला की 'हिंदी?', म्हणजे भारतीय का, असं विचारून पुन्हा तोंडाकडे बघतात. एकदा रत्नागिरीचा एक भाजीवाला धाकटीला खुणांनी भाव सांगत होता. ती म्हणाली, "काका, भेंडी जून आहे, हात कशाला दुखवताय?" बिचाऱ्याच्या हातातली पिशवीच पडली.

मी तापट आहे, पण चिवट धाकटी. पुड्यांवर तिनं ठळक छापलं: सिद्दी धूप. एक दुकानदार म्हणाला, नाव बदला, डझनावारी घेतो. तिनं पुड्या उचलल्या आणि चालती झाली. तिच्या मुलीला शाळेच्या नाटकात तिसऱ्यांदा राक्षस केलं, तेव्हा ती मुख्याध्यापिकेसमोर जाऊन बसली आणि नाटक बदलेपर्यंत उठली नाही. मग ठिकठिकाणच्या सिद्दी घरांना फोन करून म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करू लागली. त्यांची पुस्तिका काढायची, प्रत्येक घरात एक पोचवायची, हा तिचा ध्यास.

आणि तिला वाटत होतं, आठवी ओळ माझ्याकडे आहे.

नव्हती. आमची आई, अम्मा, गावी आजारी पडली तेव्हा तिनं फोन केला, "ये, कानात सांगायचंय." हजचे दिवस होते, दवाखान्यात रजा बंद. असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी अर्जच केला नाही. म्हटलं, जाऊ की पुढच्या महिन्यात, अम्मा कुठे पळून चाललीय! अम्मा पाचव्या दिवशी गेली. धाकटीनं रडत विचारलं, "आपा, ओळ?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मागच्या खेपेलाच सांगितली होती."

त्यानंतर दोन वर्षं मी दर गुरुवारी वाकायचे आणि नुसते ओठ हलवायचे. बाहेर ऊन रणरणत असायचं, समोर गॅस, तरी मानेवर गार वारा यायचा. त्या खोलीत एसी नाही. भांड्यात कुणीतरी कान देऊन बसलंय असं वाटायचं, आणि त्याला माझी लबाडी कळतेय. मी घाईनं सरळ व्हायचे. पाठ करून उभी असलेली धाकटी दर वेळी एकच म्हणायची, "तुझी ओळ ऐकू येत नाही गं. अम्माची यायची."

परवा तिनं गाण्याचे कागद पुढ्यात ठेवले. "आठवी छापत नाही, पण मला आत्ता सांग. उद्या तुला काही झालं तर?" तिनं केस मागे घेऊन कान पुढे केला. तो कान बघून मला भडभडून आलं. सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. उठून कपाटातून एक जुना फोन घेऊन आली. अम्मा मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला, इकडे आली होती तेव्हा याच ओट्यावर तिनं धूप केला होता. धाकटीनं फोन मसाल्यांच्या बरण्यांमागे लपवून रेकॉर्डिंग केलं होतं. पाप वाटून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "लाव! अगं, लाव की!" दोन वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता.

अम्माचा आवाज आला. सात ओळी, दोन-दोनदा. झाकण वाजलं. मग पाकाची रटरट, बांगड्यांचा आवाज, अम्माचा श्वास. गॅस बंद झाल्याचा खटका. बस्स.

पुन्हा लावलं. आवाज पूर्ण वाढवून, कान चिकटवून. अम्मा काहीच म्हणाली नव्हती.

"पण त्या दिवशी मी ऐकलं होतं," धाकटी म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून. शब्द नाही कळले, पण जाडसर आवाज."

तिच्या शेजारी मीही उभी होते, आणि मीही ऐकलं होतं.

काल गुरुवार. दोघी भीत होतो, पण गूळ चढवला. सात ओळी झाल्या. धाकटी भिंतीकडे वळली. या वेळी खोटे ओठ हलवायचे नाहीत, म्हणून मी एक लवंग ओठांत घट्ट धरली आणि वाकले. झाकण किलकिलं केलं. मानेवर गार वारा आला. मी पळाले नाही. वाफ तोंडावर घेत थांबले, पाकाचे बुडबुडे मोठे होईपर्यंत. मग गॅस बंद केला.

धाकटी भिंतीला कपाळ टेकून हुंदके देत होती. "आपा," ती म्हणाली, "आज म्हणालीस. सगळी ऐकली मी, शेवटपर्यंत."

मी ओठांतली लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं लवंगेकडे पाहिलं, मग भांड्याकडे. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "तुझ्या कानात सांगू?"